दोनशे डब्यांचं वाण

भाजी चिरायच्या सुरीनं विशाखानं खोक्यावरची चिकटपट्टी टर्रकन कापली आणि आत हात घातला.

"हळू! चरे पडतील!" टॅबलेटच्या पडद्यावरून दादा ओरडला. न्यू जर्सीत सकाळचे सात वाजले होते. तो अजून पायजम्यातच होता, पण चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसला होता.

वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तळहातावर मावेल एवढा स्टीलचा डबा बाहेर आला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात तसं, कोरलं होतं : 'विशाखा दाबके यांजकडून सप्रेम'. त्याखाली डचमध्ये : 'सोळा मार्चला मत द्या'. डच बिनचूक होतं. दादानं ऑर्डर दिलेल्या पुण्यातल्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्या माणसानं ती परकी अक्षरं किती वेळा ताडून पाहिली असतील, या विचारानं तिला हसूच आलं.

"कसे आहेत?"

"सुरेख आहेत रे दादा. पण दोनशे?"

"एका खोक्यात पन्नास. चार आली ना खोकी? झालं तर मग. संक्रांत ते रथसप्तमी, महिनाभर आहे तुझ्याकडे. बायका घरी बोलवता येत नाहीत ना तुमच्याकडे सध्या?"

"कोरोनाच्या नियमानं चारच पाहुणे चालतात."

"मग तू जा. सायकल आहे. डब्यात तिळगूळ भरायचा, दारात ठेवायचा, बेल वाजवायची आणि दोन पावलं मागे व्हायचं. वाण म्हणजे वाण. कोण काय बोलणार?"

तेरा वर्षांची आसावरी फ्रिजकडे जाताजाता थांबली. तिनं झाकण वाचलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग." मग दूध घेऊन निघून गेली.

विशाखा मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या कापेले आन डेन आयसेलच्या नगरपरिषदेसाठी उभी होती. या देशात पाच वर्षं राहिलं की गावच्या निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं, हे तिला अकरा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या व्हिसावर इथे उतरली तेव्हा, कुणी सांगितलं असतं तर तिनं वेड्यात काढलं असतं. तेव्हा तिला दुकानात डचमध्ये 'पिशवी नको' एवढंही सांगता येत नव्हतं. ते तिला शिकवलं वस्तीतल्या समाजघरातल्या मंगळवारच्या वर्गानं. तुर्की, पोलिश, मराठी, सगळ्या देशांतून आलेल्या बायका, एक म्हातारी शिक्षिका आणि पातळ कॉफी. कोरोनात तो वर्ग बंद पडला तो पडलाच. तो पुन्हा सुरू करायचा, एवढ्या एकाच गोष्टीसाठी विशाखा गावातल्या एका छोट्या पक्षाकडे गेली आणि सभासदांनी मतदान करून तिला यादीत चौदावा क्रमांक दिला.

चौदावा म्हणजे तसा शोभेचाच. पक्षाला मिळतील त्या तीनचार जागा यादीतल्या वरच्या नावांना जातात. पण मतपत्रिकेवर खालच्या एखाद्या नावापुढे लोकांनी पुरेसे लाल गोल रंगवले, साधारण पावणेदोनशे, तर ते नाव वरच्यांना ओलांडून सभागृहात जातं.

"पावणेदोनशे मतं आणि दोनशे डबे," कॅमेरा बंद करून मीटिंगमधून डोकावत सुबोध म्हणाला. तिचा नवरा गेली दोन वर्षं जेवणाच्या टेबलावरूनच बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत होता. "देवानंच गणित घातलंय."

"देवानं नाही. दादानं."

तिनं डबा पुन्हा कागदात गुंडाळला.

दादा असा नव्हता. हे तिला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं. ती सात वर्षांची आणि दादा सतरा वर्षांचा असताना मिरजेत नगरपालिकेची निवडणूक होती. एका उमेदवाराच्या बायकोनं हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि वाण म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा दिला. आई खुशीत घरी आली. दादानं डबा पाहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. "आई, हे वाण नाही, ही मताची किंमत आहे. मी परत देऊन येतो." आई आधी रागावली. शेवटी म्हणाली, "दे. पण रिकामा देऊ नकोस. कुणाचंही भांडं रिकामं परत करायचं नसतं." आणि तिनं डब्यात मूठभर साखर घातली. दादानं विशूला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, उमेदवाराच्या बंगल्यावर गेला आणि अंगणात बसलेल्या दहाबारा माणसांसमोर डबा परत दिला. विशू त्याच्या पाठीआड लपली होती. पण परत येताना वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला तिला सांगायचं होतं, हा माझा दादा आहे म्हणून.

हाच दादा अमेरिकेत गेल्यावर तिथल्या राजकारणात पडला. नागरिकत्व मिळालं त्या वर्षी त्यानं शपथेचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आता बोलायचा हक्क आहे.' एका काँग्रेसमनसाठी, म्हणजे तिथल्या खासदारासाठी, तो चौदा वर्षं राबला. थंडीत दारोदार फिरला. घरी जेवणावळी घातल्या, शर्मिलावहिनीनं शंभर शंभर माणसांचं श्रीखंड केलं, ओळखीच्यांकडून देणग्या गोळा केल्या. काँग्रेसमन श्रीखंडाची वाटी बोटानं पुसून खायचा. त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला दादाचा फोटो जिन्याच्या भिंतीवर लावलेला होता.

मग दोन हजार वीसचा एप्रिल आला. शर्मिलावहिनी रुग्णालयात नर्स. एकच मास्क आठवडाभर पुरवून वापरत होती. रोज संध्याकाळी घरी येऊन गॅरेजमध्ये कपडे बदलायची आणि दादाशी दाराआडून बोलायची. दादानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही, वहिनीसाठी मास्क, मागायला काँग्रेसमनच्या कचेरीत फोन लावला. एका तरुण आवाजानं त्याच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. कळफलकाची टकटक ऐकू आली. मग तो आवाज अगदी गोड झाला. "सर, तुम्ही आमच्या देणगीदारांच्या सिल्व्हर सर्कलमध्ये आहात. स्वतः साहेबांशी बोलण्याची सोय प्लॅटिनम सर्कलसाठी असते."

दादानं हे तिला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हसला नाही. भिंतीवरचा फोटो त्यानं त्याच दिवशी उतरवला. खिळा राहिला. व्हिडिओवर तो जिन्यात बसायचा तेव्हा डोक्यामागे तो खिळा दिसायचा.

तिला वाटलं होतं, आता दादा चिडेल, लढेल. पण तो वेगळंच काहीतरी शिकला होता. "माझं चुकलं ते एवढंच विशू," तो म्हणाला होता, "की मी कमी दिले. सगळीकडे हेच आहे ग. ज्यानं टेबल विकत घेतलं तोच जेवणार."

कमी दिले, हे दादा म्हणाला. त्या रात्री तिला जेवण गेलं नव्हतं.

तर असे ते डबे. फेकवत नव्हते, वाटवत नव्हते. आणि दादाला सांगण्याची तर तिची हिंमतच नव्हती. खरं तर कायद्यानं काही आडवं येत नव्हतं. इथेही उमेदवार रस्त्यावर गुलाब वाटतात, पेनं वाटतात. पण दारात उभं राहून 'सप्रेम' म्हणत डबा पुढे करायचा आणि समोरची बाई तो हातात घेऊन झाकण वाचणार, या चित्रात तिला सारखी मिरजेच्या अंगणातली माणसं दिसायची. चारही खोकी तिनं आणि सुबोधनं तळमजल्यावरच्या बेर्गिंगमध्ये, म्हणजे फ्लॅटवाल्यांच्या सायकली ठेवायच्या खोलीत, नेऊन रचली आणि वर जुनी चादर टाकली.

मग ती हेन्कबरोबर फिरायला लागली. हेन्क पक्षाचा म्होरक्या. वय पंच्याहत्तर, याच गावात चाळीस वर्षं पोस्टमन होता. त्याला कुठल्या घरचा कुत्रा चावतो तेही ठाऊक. बापाच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायची सवय व्हायला विशाखाला दोन वर्षं लागली होती. त्याची पद्धत साधी होती. बेल वाजवायची, मागे व्हायचं आणि विचारायचं, "काय अडतंय?" लोक सांगायचे. विशाखा वहीत लिहायची. पावसात वही भिजली तर घरी येऊन हेअरड्रायरनं वाळवायची.

"कितीजणांना पोचले?" दादा दर रविवारी विचारायचा.

"फिरतेय रे मी रोज," ती म्हणायची. खोटं नव्हतं ते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मात्र दादानं डब्यांचं विचारणं एकदम थांबवलं. आणि एका रविवारी म्हणाला, "मी येतोय. मोजणीच्या आदल्या दिवशी पोचतो."

"इथे? कशाला? म्हणजे... ये ना! पण अचानक?"

"दोन वर्षं कुठे गेलो नाही. लशीचे तिन्ही डोस झालेत. बहीण उभी आहे, येऊ नको?"

तिनं फोन ठेवला आणि सुबोधकडे पाहिलं. "बेर्गिंगची किल्ली लपव," ती म्हणाली.

सोळा मार्चला सकाळी दादा आला. केस पार पांढरे झाले होते. दारातच दोघांनी एकमेकांना इतकं घट्ट धरलं की आसावरीनं मागून "हॅलो मामा" असं दोनदा म्हटलं तरी ऐकू गेलं नाही. दुपारी तो तिच्यासोबत मतदानकेंद्रावर आला आणि दारातून पाहत राहिला. केंद्रावरच्या माणसानं तिला तिची स्वतःची लाल पेन्सिल दिली, साथीमुळे.

"पेन्सिल?" बाहेर आल्यावर दादा म्हणाला. "खोडता येते की."

"कोण खोडणार? सगळ्यांसमोर मोजतात."

दादा हसला. ते हसणं तिला ओळखीचं होतं आणि आवडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून आली तर दादा घरात नव्हता.

"सायकलला हवा भरतो म्हणाला," सुबोध म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "किल्ली मागितली. मी काय सांगणार?"

दहा मिनिटांनी दादा वर आला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं हात धुतले आणि तिथे काहीतरी खुडबुड केली. बाहेर आला तो कोट घालूनच, खांद्याला पिशवी लावून.

"निघायचं?" तो म्हणाला. बस, एवढंच.

मोजणी गावातल्या क्रीडासंकुलात होती. बास्केटबॉलच्या मैदानावर लांबच लांब टेबलं मांडली होती. मतपत्रिका म्हणजे उघडल्यावर टेबलक्लॉथ वाटावा एवढी मोठी, शेकडो नावांची, आणि त्यात कुठेतरी एकच लाल गोल. टेबलाटेबलाला गावचीच माणसं बसली होती, निवृत्त शिक्षिका, कॉलेजची पोरं, ग्रंथपाल. कडेनं दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडे पाहणाऱ्यांसाठी खुर्च्या. कुणीही यावं, बसावं, पाहावं.

दादा पहिल्या रांगेत बसला आणि तिथून हललाच नाही. समोरच्या टेबलावर दोन आज्या एका पत्रिकेपाशी अडल्या होत्या. गोल नीट रंगवला नव्हता, कडेला नुसती रेघ होती. एकीनं चष्मा वर केला. दुसरीनं तिसऱ्याला बोलावलं. तिघांनी वाकून पाहिलं, नियमांचं पुस्तक काढलं, पुन्हा पाहिलं. एका मतासाठी चार मिनिटं गेली. दादाचं कॉफीचं कागदी भांडं हातातच निवत होतं.

विशाखाच्या यादीची टेबलं शेवटच्या रांगेत होती. तिच्या नावाचा गठ्ठा वाढत होता. पन्नास झाले. नव्वद झाले. आपल्याला नव्वद माणसांनी शोधून काढलं, चौदाव्या ओळीपर्यंत बोट नेऊन, हे तिला खरंच वाटेना. दुपारी एकशे चाळीस झाले आणि सुबोध नखं खायला लागला. चारच्या सुमारास हेन्क कागद घेऊन त्यांच्याकडे आला.

"यादीला चार जागा," तो म्हणाला. "मागच्या वेळेपेक्षा एक जास्त. तुझी मतं नसती तर ती आली नसती." मग त्यानं कागदाकडे पाहिलं. "तुला एकशे अठ्ठ्याहत्तर हवी होती, विशाखा. एकशे एकाहत्तर पडली."

सात.

सुबोधनं तिच्या पाठीवर हात ठेवला. विशाखा मात्र दादाकडेच पाहत होती. हरल्याचं दुःख बाजूलाच राहिलं होतं. आता दादा म्हणणार, दोनशे डबे खाली धूळ खात पडलेत आणि तू सात मतांनी पडलीस. म्हणणार, बघ, मी सांगत नव्हतो? त्याचं ते हसणं आता कायमचं खरं ठरणार होतं, आणि ते तिच्यामुळे. हे तिला सोसवत नव्हतं.

"दादा, मी ते डबे..."

"सकाळी पाहिले मी. चादर बाजूला करून चारही खोकी मोजली." दादानं कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. घड्या पडून पडून मऊ झालेलं. "आता हे वाच. मीही तुला एक सांगितलेलं नाही."

निळ्या शाईतलं, ठसठशीत इंग्रजी होतं. पोस्टमनचं अक्षर.

'प्रिय मिस्टर बापट, तुम्ही पाठवलेला चेक सोबत परत करत आहे. आमची बँक हा प्रकार स्वीकारत नाही, पण परत करण्याचं कारण ते नव्हे. तुम्ही विचारलंत की किती पाठवले तर तुमच्या बहिणीचं नाव यादीत वर जाईल. आमचे क्रमांक सभासद मत देऊन ठरवतात. तुमची बहीण आम्हा सगळ्यांएवढीच वर्गणी भरते आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दारं वाजवते. ती मला आहे त्या क्रमांकावरच हवी आहे, कारण तिथून ती स्वतःच्या पायांनी वर येऊ शकते. आमच्याकडे देणगीदारांसाठी काही सोय नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पण मोजणी सर्वांना खुली असते आणि खुर्च्या फुकट आहेत. जरूर या. हेन्क दे व्रीस.'

विशाखानं पत्र दोनदा वाचलं. मग हेन्ककडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"तू चेक पाठवलास?" ती दादाला म्हणाली. "माझा नंबर विकत घ्यायला?"

"पाठवला," दादा म्हणाला. त्यानं नजर चुकवली नाही. "लाज वाटते आता. पण विशू, वीस वर्षं तिथे देतोय मी. यांना दे, त्यांना दे. पहिल्यांदा कुणीतरी माझे पैसे परत केले ग. आणि पाकीट रिकामं नव्हतं. आत एक काळ्या गोळ्यांची पुडी होती."

"ड्रॉप," हेन्क म्हणाला. ड्रॉप म्हणजे तिथल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या; दादाच्या हाताच्या खुणेवरून तेवढं त्याला कळलं होतं. "खारट."

"भयंकर होत्या," दादा त्याला इंग्रजीत म्हणाला. "सगळ्या खाल्ल्या मी."

मग त्यानं पिशवीत हात घातला आणि एक स्टीलचा डबा बाहेर काढला. झाकणावर ठिपक्यांची अक्षरं होती. दादानं डबा दोन्ही हातांनी धरून हेन्कपुढे केला, कुणी वडीलधाऱ्याला देतात तसा. हेन्कनं झाकण उघडलं. आत साखर होती, विशाखाच्याच स्वयंपाकघरातली, मूठभर.

"साखर?" हेन्क म्हणाला.

"माझ्या आईकडून," दादा म्हणाला.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. विशाखानं तोंडावर ओढणी धरली. हेन्कला काही कळलं नव्हतं, पण त्यानं चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि गंभीरपणे मान हलवली.

दादा तोवर फोन लावून बसला होता. न्यू जर्सीत दुपार व्हायची होती. पडद्यावर शर्मिलावहिनी आली. मागे तोच जिना, तीच भिंत.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं. "आली का निवडून?"

"पडली!" दादा एवढ्या मोठ्यानं ओरडला की मोजणाऱ्या दोघी आज्यांनी माना वर केल्या. "सात मतांनी पडली आपली विशू! एकशे एकाहत्तर मतं ग, आणि एकही डबा वाटला नाही तिनं! एकही नाही!"

त्याचा आवाज फाटला होता. विशाखाला तो आवाज ओळखू आला. मिरजेच्या रस्त्यावर, कॅरिअरवर बसून, तिला अगदी याच आवाजात ओरडायचं होतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी डच माणसाचा दंड धरून दादा त्याला काहीतरी सांगायला लागला होता. बोट विशाखाकडे होतं. "नंबर फोर्टीन," ती ऐकत राहिली, "माय सिस्टर."

परतताना चौघं चालतच निघाले. हेन्कनं डबा छातीशी धरला होता. वाटेत म्हणाला, सोमवारी सभा आहे, भाषेच्या वर्गाचा ठराव तिनंच लिहावा, पक्षाचे चारही हात वर होतील.

वळणावर दादा थांबला. "खाली अजून एकशे नव्व्याण्णव आहेत," तो म्हणाला. "त्यांचं काय करायचं?"

विशाखानं थोडा विचार केला.

"लाडू करू," ती म्हणाली. "उद्यापासून वाटू. आता चालेल."